चॅनेल चौदा

वास्कोच्या टेकाडावर, बंदराच्या टॉवरात,
माझी ड्युटी रात्री दहा ते सहा.
खिडकीच्या चौकटीत कोळशाची पूड बसते,
मी बोटाने पुसते. मग बोट कुठे पुसायचं?
युनिफॉर्मला नको, असं परिपत्रक आहे.

चॅनेलवर इंग्रजीच बोलायचं.
तेही सगळं नाही, साठेक शब्द.
‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल.
‘आउट’ म्हणजे आता कुणीच बोलू नये.
ट्रेनिंगमध्ये सांगितलं, ‘प्लीज’ म्हणू नका, वेळ जातो.
‘सॉरी’ म्हणू नका, जबाबदारी येते.

कॅप्टन सुब्बय्यांशी जिन्यात हिंदी,
दोघांचीही उसनी,
म्हणून भांडण कधी रंगत नाही.
पंपावरचा ओडिया पोरगा बोटं दाखवतो: तीन.
म्हणजे चहा तीन.
जनरेटर बंद पडला की कोकणीत शिवी,
ती मात्र सगळ्यांना कळते.
आणि लॉगबुकाच्या मागच्या पानावर मी मराठीत लिहिते:
नारळ दोन. आईच्या चष्म्याची काडी.
पेडण्याकडे आम्ही बोलतो एकीत, वाचतो दुसरीत;
शिवण कुठे आहे विचारलंत
तर उलटं करून दाखवता येणार नाही.

बॉस्त्यांव फुर्तादचा आवाज अकरा वर्षं ओळखते.
चेहरा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा पगाराच्या रांगेत.
‘जुवारी तीन, स्टँडिंग बाय, ओव्हर.’
त्या ‘ओव्हर’वर तो किंचित रेंगाळायचा,
दारात चप्पल शोधणारा पाहुणा रेंगाळतो तसा.
दोर तुटला त्या रात्री म्हणाला, ‘लाइन पार्टेड.’
दोनच शब्द, आणि मध्ये एक श्वास.
चौकशीत विचारलं, आवाजात घबराट होती का?
मी लिहिलं, सिग्नल स्पष्ट होता.

काल त्याची शेवटची रात्र.
पाच चाळीसला टग धक्क्याला लागली.
‘जुवारी तीन, ऑल फास्ट.’
‘रॉजर,’ मी म्हटलं.
आता ‘आउट’ यायला हवं होतं.
नुसती खरखर. मग:
‘बाय, च्या घेतली गो? येतां हांव. देव बरें करूं.’

उघड्या चॅनेलवर!
बाहेर नांगरावर दोन जहाजं, पनामाचं एक, लायबेरियाचं एक,
दोघांनीही ऐकलं असणार.
माझ्यापुढे काचेखाली लाल शाईतला नियम.
सांगायचं पुष्कळ होतं,
साठांपैकी एकच कामाला आला.
‘से अगेन.’

पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

तो हसला असावा. मग सावकाश, सुटं सुटं,
नव्या पायलटला धक्क्याचा नंबर सांगतात तसं:
‘देव. बरें. करूं.’

लॉगमध्ये: ०५४०, टग बांधली. इतर काही नाही.
मागच्या पानावर, चष्म्याच्या काडीखाली, ते तीन शब्द.
त्याने लिहिले असते तर रोमीत लिहिले असते.
माझ्या अक्षरात ते नारळांसारखेच दिसतात,
भाषा कुठली, ते कागदाला कळत नाही.

चहा तीन आले. सुब्बय्या अजून जिन्यातच होते.
मी दोन प्याले.