ही बाजू वर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये
मागांचे गियर यायचे, फार तर एखाद्या टमटमचं हेड.
त्या मंगळवारी टेम्पोतून बोट उतरली,
पोट घासलेलं, नाव निम्मं खरवडलेलं,
आणि मागोमाग सुदाम नगरे, चपला हातात धरून,
जणू देवळात आलाय.

"लिलावात घेतली," म्हणाला, "उजनीवर फिरवायची.
थंडीत लोक येतात की रोहित बघायला."
नान्नांनी जुनं इंजिन उघडलं.
पिस्टन सिलिंडरला असे धरून बसलेले
की सोडवायला गेलं तर दोघंही तुटतील.
त्यांनी फडक्याने हात पुसले, झाकण परत लावलं.
मेलेल्याला उघडं ठेवत नाहीत.

नवं पुण्याहून आलं, लाकडी खोक्यात,
मोटारीसाठी घडलेलं, मोटार कधी न पाहिलेलं.
खिळे उपटले तसा कोऱ्या तेलाचा वास.
फळीवर काळा बाण आणि अक्षरं: ही बाजू वर.

नान्ना त्याच्याशी तेलुगूत बोलले.
परक्या यंत्रांशी ते मराठीत बोलतात.
मग मला म्हणाले, कमला, लिहून घे.
मोटारीला उतार मिळतो, उतारावर इंजिन श्वास घेतं.
पाण्याला उतार नाही.
बोट म्हणजे न संपणारा घाट, तोही भरल्या गाडीनं.
तेव्हा कॅम बदलायचा, तेलाचं पात्र खोल करायचं.
धरणाचं पाणी आत घ्यायचं नाही, शेवाळ आहे,
त्याला बाहेरून फिरवू, आतलं आतच राहील.
स्टार्टर बंद तोंडाचा हवा.
रस्त्यावर पेट्रोलची वाफ वाऱ्यावर जाते,
बोटीत ती तळाशी बसते, ठिणगीची वाट बघत.

कपलिंग लेथवर मी कातलं. एक सूत चुकले,
आठ दिवस नान्ना माझ्याशी फक्त मापांत बोलले.
पाण्याची पोकळी असलेला एक्झॉस्ट
बोम्मा फौंड्रीनं ओतून दिला,
तो तापला की घामासारखा झिरपायचा.
सुदाम दर शनिवारी यायचा, वाळलेली मासळी घेऊन,
इंजिनकडे बघायचा, पैशाचं विचारायचा नाही,
त्यानं तर जास्तच भीती वाटायची.

पौषात काठावर नेली. चावी फिरवली,
एका हाकेत उठलं, काय आवाज!
नान्नांनी डोळे मिटले. सुदामनं लिव्हर पुढं ढकलला
आणि बोट मागं गेली.
थेट मागं, रुबाबात, चिलारीच्या झुडपात.
शेळ्या राखणारा म्हातारा बसून हसला, मग उभं राहून हसला.

रात्री कळलं. जुनं इंजिन जोडीतलं होतं,
दोघांपैकी उलटं फिरणारं. त्याचा जोडीदार
कुठल्या लिलावात गेला कुणास ठाऊक.
आम्ही लावलेला पंखा अजून त्याच्याच फेऱ्याची सवय धरून होता.
नवा यायला सव्वीस दिवस.

तेवढ्यात सुदामनं एक केलं.
इंजिन चार बोटं उंच, झाकण बसत नव्हतं,
त्यानं त्याच खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकली.
बाण आडवा आला.
बदल म्हटलं तर म्हणाला, बसायला बरी आहे.

मग एका सकाळी आम्ही तिघंच.
पाण्यावर चिरा पडत गेला लांबच लांब,
नान्ना गेजकडे बघत होते, मी नान्नांकडे,
पाणी, तेल, सगळं जागच्या जागी.
आणि रोहित दिसायला लागले तोच
सुदामनं चावी बंद केली.

तीन महिने. बंद.
नान्नांचं तोंड मी बघितलं, ते बोलणार होते,
पण सुदामनं वल्हं उचललं, ओठांवर बोट ठेवलं.
बोट आपल्याच वेगावर सरकत राहिली.
खाली इंजिन निवत होतं, टिक, टिक,
गरम फळीवर नान्नांनी तळवा ठेवलेला, आडव्या बाणावर,
आणि समोर शेकडो रोहित
चोच उलटी करून गाळात चरत होते,
एकही उडाला नाही.