करंट

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला
दस्तगीर मणेर
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
इंजिनाचं दुखणं सांगतो.
आज शेठची नवी गाडी आली,
बिनआवाजाची.
बॉनेटखाली बराच वेळ कान देऊन
त्यानं विचारलं,
"करंट कुठनं येतोय?"
"सॉकेटातनं."
"आणि सॉकेटात?"
शेठ हसला. चंद्रपूर लांब आहे.

मागच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
खालची पाचची,
वरची एकोणीसची.
वरचीला गाडीचं छत पोचेना.

दस्तगीरनं हात पुसले, सवयीनं,
काळं काहीच लागलं नव्हतं.
"धूर न्हाई, हे लई बेस झालं," म्हणाला,
"पोराला ह्यातलंच शिकवतो.
फकस्त चार्जिंगची वायर
त्या रेघेच्या वरनं ओढा."