नावाची पिल्लं

पिग्मीचं मशीन खांद्याला लावून
वडगावच्या बोळांतनं रोज दुपारी फिरते मी.
कुठलं घर किती तापतं
ते मला उंबऱ्यावरच कळतं.
कौलं असली तर पाणी विचारतात.
पत्रा असला तर आत ये म्हणत नाहीत,
दारातनंच दहाची नोट पुढं करतात
आणि नोटसुद्धा गरम असते.

तुळसाबाई हलगेकरांकडं सिमेंटचा पत्रा.
खाली दोन माग, त्यातला एक बंद.
चालू मागावर शंभराचा पिवळा बल्ब.
"ह्यांनी लावलेला," म्हणतात, "तवापासनं तोच."
माझ्यादेखत तीनदा बदललाय.

"सोसायटीचं नवीन कर्ज आलंय," मी म्हटलं,
"पत्र्यावर पांढरा थर, खालनं छत,
कमी वीज खाणारा पंखा.
निम्मं व्याज सोसायटी सोसणार."
"फुकट न्हाई न्हवं?"
"न्हाई."
"मग बस."

ट्रंकेतनं बिलांचा गठ्ठा निघाला,
मागावरच्या उरलेल्या रेशमानं बांधलेला.
सगळी बिलं कन्नडात,
आणि त्यांचं बोट बरोब्बर नावावर.
"वाचता येतं?"
"छे गे. वळणावरनं ओळखते.
पयलं अक्षर एकटं,
फुडच्या दोघांच्या पायाशी बारकी पिल्लं. यल्लाप्पा."
यल्लाप्पांना जाऊन सहा वर्षं झाली.
"बिल तेच भरूलेत की अजून," म्हणाल्या
आणि हसल्या नाहीत.

कर्ज मिळायचं ते बिलावरच्या नावाला.
म्हणजे आधी नाव बदलायचं.
हेस्कॉमची खिडकी: मृत्यूचा दाखला, घरपट्टी, दोन फोटो,
"नाळे बर्री."
उद्या या.
त्या उद्याला आम्ही तीनदा जाऊन आलो,
माग बंद ठेवून, रोजची दोन वार बुडवून.
चौथ्यांदा शेजारची महादेवी बेटगेरी आली.
डोक्यावरचा पदर खोचून खिडकीशी जे बोलली
त्यातलं अर्धं मला कळलं,
अर्धं न कळलेलंच बरं होतं.
शिरगुप्पी साहेबांनी फॉर्म पुढं सरकवला.
महादेवीनंच भरला तो,
एकेक अक्षर उच्चारत, भाकरी थापल्यासारखी.

सहीच्या चौकोनावर पेन टेकवून
तुळसाबाई थांबल्या.
"फुडच्या महिन्यात ह्यांना बिल न्हाई?"
"न्हाई."
"सुटले म्हणा."
मग सही केली, मराठीत, रेघेच्या खाली उतरत गेलेली.

छत लागलं. अनगोळची दोन पोरं
पत्र्यावर फळी टाकून ब्रश मारत होती,
वरनं एकाने ओरडून विचारलं,
"मावशी, जुन्या चपला टाकूलाव खाली!"
सहा वर्षं वर कुणी चढलंच नव्हतं.
चपला बघून त्या आत गेल्या
आणि बराच वेळ मागाचा आवाज आला,
सूत नसलेल्या मागाचा.

मे महिन्यात एकदा नेहमीसारखी
मी उंबऱ्याशी उभी, हात पुढं करून.
"आत ये," म्हणाल्या.
आत बसले. घाम येईना म्हणून
उगीच पदर सारखा केला.
नवीन बिल त्यांनी समोर धरलं.
"एकशेवीसनं कमी आलंय. हे माझं नाव, म्हादेवीनं दाखवलं."
बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
"बघ की. माझ्या नावाला
एक पण पिल्लू न्हाई."

मी दहाची नोट घेतली, गार होती.
डोक्यावर बल्ब तोच पिवळा, जळत.
त्यासाठी पण स्कीम आहे,
हे मी नंतर कधीतरी सांगेन.
पावती फाडून दिली, इंग्रजीत.
आमच्या मशीनला कन्नडही येत नाही
आणि मराठीही.