चौथा ठिपका

विर्त्सूचं बंदर. कडेनं बर्फ धरू लागलंय.
लेएलो फेरीच्या तिकिटांसाठी
चौथी टेस्ट लिहिते:
प्रवासी शून्य, सायकल एक –
सर्व्हरनं नाही म्हणावं.

सगळं हिरवं.
कॉफी ओतताना खटकतं:
ठिपके तीनच.

फंक्शनच्या नावाआधी 'टेस्ट' लिहायचं राहिलेलं.
पायथननं हजेरी घेतली तेव्हा
चौथीला कुणी हाकच मारली नव्हती.

आता लाल.
सर्व्हरनं बिनमाणसाच्या सायकलला
खिडकीजवळची जागा दिलीय,
वर शुभ प्रवासही म्हटलंय.

खाली धक्क्यावर हार्री
बांधून झालेल्या दोराला
एकदा हिसका देऊन बघतो. तीस वर्षं, रोज.

लेएलो लगेच दुरुस्त करत नाही.
त्या लाल ठिपक्याकडे बघत
आधी कॉफी संपवते.