कारण : वैयक्तिक

कुपवाड एमआयडीसी, फाउंड्रीचं गेट, टाइम ऑफिसची खिडकी.
इथं बसून सांगतो,
माणूस नोकरी एकदम सोडत नाही.

आधी लॉकरमधला स्टीलचा पेला घरी जातो.
मग जादाची चप्पल.
मग पंचिंग करताना
"काका, शुगर किती आली?" विचारायचं राहून जातं.

तन्वीर मुलाणी. वय तेवीस. डिप्लोमा, मिरज.
कोअर नीट बसावा म्हणून त्यानं
भंगारातल्या पत्र्याची एक पट्टी केली.
रिजेक्शन निम्म्यावर आलं.
बोर्डावर फोटो लागला
सुपरवायझरचा.
तन्वीरनं टाळ्या वाजवल्या,
हातमोजे न काढता.

त्याच आठवड्यात पेला गेला.

साहेब म्हणाले, पुण्यात पगार जास्त, दुसरं काय!
ही पोरं टिकतच नाहीत.
पगार दोन हजार जास्त, खोलीभाडं चार हजार.
हिशेब मलाही येतो, साहेब.
म्हणालो नाही.

सोमवारी त्यानं ओळखपत्र खिडकीतून आत सरकवलं.
रजिस्टरात कारणाचा रकाना बोटभर रुंद,
बावीस वर्षं तिथं मी एकच शब्द लिहितोय.
पेन टेकवलं आणि थांबलो.
"लिहा की काका," तो हसला,
"एसटी चुकंल माझी."

लिहिलं.

पट्टी अजून मशीनवर आहे.
मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं.
काल नवा पोरगा, बिरुदेव,
हात पुसत खिडकीशी आला,
"काका, 'तमु' म्हणजे कुठली कंपनी?"

म्हटलं, होती इथलीच.