दुधी आणि दोन काडेपेट्या

नोएलनं विचारलं, गॅरट म्हणजे काय,
तर अप्पांनी टोपलीतला दुधी उचलला,
दोन काडेपेट्या मागितल्या
आणि जेवणाचं टेबल पुसून घेतलं
बाहीनंच.

ही पुढची. ही मागची.
दोघींना आपापली चाकं, आपापले सिलिंडर.
आणि हा मधे टांगलेला बॉयलर.
एकच आग, एकच वाफ,
खालती धडं दोन.

आता घाटातलं वळण.
ताटाच्या काठाकाठानं पेट्या सरकल्या,
पुढची वळली, मागची अजून सरळच,
आणि दुधी आतल्या अंगाला झुकला
धनुष्याच्या दोरीसारखा.
"अखंड असतं तर रूळ सोडून गेलं असतं.
मोडलेलं आहे म्हणून वळतं."
मग स्वतःलाच दुरुस्त करत,
"मोडलेलं नव्हे रे. सांधलेलं."

चक्रधरपूरच्या शेडमध्ये अकरा वर्षं
शांतवन भालेराव, बॉयलरमेकर,
डोंगरातून लाल खनिज ओढून आलेल्या
गरम पोटांखाली उताणे.
कानाच्या पाळीवर अजून आहे तो डाग,
गुळगुळीत, चिंचोक्याएवढा.
आणि इकडे इगतपुरीत आई,
मी, धाकटा सामसन,
महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर
जिच्या कुपनावर मजकुराहून ठळक
काळा अंगठा.

"आवाज कसा यायचा?" नोएल.
अप्पा थांबले. दोन्ही हातांनी टेबलावर
ठेका धरला,
डावा उजव्याच्या किंचित मागे.
दोन्ही इंजिनं आपापली धापायची.
पण चढावर कुठंतरी, मैल-अर्धा मैल,
दोन्ही धापा एक व्हायच्या.
ड्रायव्हरच्या हातात नसायचं ते.
शेडमधे पान्हे खाली ठेवून आम्ही ऐकायचो,
कुणीतरी म्हणायचं, लागले.
मग पुन्हा सुटायचे.

आई दारात उभी होती, विळी हातात.
"गळायचं कुठून ते सांग की त्याला.
दर पत्रात तेच, वाफ गळते, वाफ गळते."
"सांध्यातून. पाइपाला गोळ्याचा सांधा,
त्यात ग्राफाइट भरायचं, दोरा भरायचा,
आठ दिवसांत पुन्हा फुसफुस."
"मग गच्च का नाही केलंत एकदाचं?"
"गच्च केलं तर वळणार कसं, सुवार्ता?"

तिनं यावर काही म्हटलं नाही.
म्हणाली, पावणेआठ झाले,
आणि बॉयलर उचलून नेला.

चण्याची डाळ घालून केला होता.
अप्पांनी दोनदा घेतला.
काडेपेट्या टेबलावरच राहिल्या,
एक वळलेली, एक सरळ.
गॅस पेटवायला आई त्यातली एक न्यायची
आणि परत होती तिथंच,
तशीच तिरकी ठेवायची.
मी पाहिलं. बोलले नाही.

रात्री अडीचच्या सुमाराला मालगाडी घाट चढून आली,
मागून विजेचे बँकर रेटा देत.
आमच्या भिंतीवरचा आरसा खिळ्याशी थरथरला.
अप्पा अंथरुणात उठून बसलेले.
मी विचारलं, पाणी देऊ?
बोट वर करून म्हणाले, थांब,
पुढच्यानं शिट्टी दिली आहे.
मागच्याची यायची आहे अजून.