दहा नंबरचा पाना

टाकी धुवायला आलेल्या पोरांनी
डिशच्या कडेवर ओली पँट वाळत टाकली
आणि आमचं आभाळ बंद पडलं.
दुकानवाला सरनोबत म्हणाला, सोमवारी बघू. साडेतीनशे पडतील.
आज गुरुवार.
साडेसातला मामंजींची कानडी मालिका.

हे गाडी घेऊन हुबळीला.
मीच चढले.
फुलेवाडीतली गच्ची, दुपारचे चार, शिडी तापलेली,
ओढणी कमरेला, मोबाईल पाण्याच्या पाइपावर टेकवून, स्पीकर सुरू.
खाली ते. गुडघ्यांवर टॉवेल,
पुढ्यात निळा पडदा.

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
अकरा वर्षांत माझ्याशी बोलले ते एवढंच :
चहा. गोळी. दार लोटून घे.
आज फोनमधून म्हणाले, "कुठं बघतीय ती?"
डिशबद्दल विचारतायत
हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"आग्नेयेला धर. रंकाळ्यावरनं, कळंब्याच्या जेलाकडं.
आता मान वर. आणखी.
शिमग्याच्या टायमाला सव्वाअकराला चित्र जातंय बघ पाच मिनिटं?
सूर्य मागं येतोय तिच्या.
तवा तो जिथं असतोय, तिथं बघायचं."

हे कुणी कधी बघून ठेवलं होतं?
आम्ही समजत होतो, डुलक्या घेतात.

"स्ट्रेंथ नव्वद," ते म्हणाले.
मी म्हटलं, "झालं की मग!"
"कसलं झालं. क्वालिटी शून्य.
वायर हाय, पेटी हाय, करंट हाय.
नुसतं चालू हाय सगळं. येत काय न्हाई."
मी पाना या हातातून त्या हातात घेतला.
खाली रस्त्यावरनं उसाची ट्रॉली गेली,
डिश तेवढ्यानंही थरथरली.

"गदगदा हलवू नगंस. नखाएवढं. आणि थांब.
पेटीला उमगायला वेळ लागतोय."
नखाएवढं.
शून्य.
नखाएवढं.
"थांब... बारा. गेलं. मागं ये. मागं, मागं...
आता नाकाडाला पीळ दे जरा. आं. एकतीस.
श्वास सोडू नगंस तिच्यावर."
छत्तीस हजार किलोमीटरवरून काहीतरी
माझ्या अंगठ्याच्या नखाशी येऊन अडखळत होतं.
"चव्वेचाळीस. अडुसष्ट! हात काढ!"

हात काढला.
एकोणपन्नास.

ते हसले. पहिल्यांदा ऐकलं मी ते, फोनमधून, खरखरीत.
"नट आवळताना सरकतंयच ते.
म्हणून बरोबर जागेवर कवाच आवळायचं न्हाई.
केसभर अलीकडं सोडायचं,
आवळण्यानं ते आपसूक जागेवर येतं.
लेथवर पोरांना हेच शिकवताना जन्म गेला,
एकालाबी पटलं न्हाई."

केसभर अलीकडं सोडलं.
चार नट, आलटून पालटून, थोडे थोडे.
सत्तर. बाहत्तर.
बाहत्तरवर ते गप्प झाले.

मी पाना पुसला, उन्हात तशीच बसून राहिले.
फोन कुणीच कापला नव्हता.
पलीकडच्या इंगवल्यांच्या घरात एक बाई कानडीत ओरडली,
क्षणभरानं तीच बाई
आमच्या घरातून, फोनमधून, पाइपावरून ओरडली.
सासूबाई संकेश्वरच्या.
त्या गेल्यापासून हे रोज लावतात,
निम्मं कळत नाही.

"काय म्हणतीय ती?" मी विचारलं.
आवाज वर जाऊन खाली यावा एवढा वेळ गेला.
"काय की. भांडतीय.
हिचं पण असंच सुरू व्हायचं, आधी बारीक, मग चढत."

मग म्हणाले,
"पाना खाली आण. दव पडतंय रातीचं, गंजतोय."